लेयर एकत्र करताना रंग उतरू नये म्हणून

लग्नाच्या अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे एक जोडपान फोटोशॉपमध्ये ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) मांडले, तर त्याची रुंदी १०,८०० आणि उंची ३,६०० पिक्सेल भरते. पूर्ण पान व्यापणारा एकच लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक, आठ-बिटमध्ये (दर रंगाला २५६ पायऱ्या) जवळपास ११७ एमबी जागा घेतो आणि सोळा-बिटमध्ये त्याच्या दुप्पट. अशा पानावर फोटो, त्वचेची सफाई, सावल्या, प्रकाशझोत, किनारी आणि नावे असे लेयर चढत गेले की संगणक रडकुंडीला येतो आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची २ जीबीची मर्यादाही आडवी येऊ लागते. मग हात आपोआप कंट्रोल आणि ई या बटणांकडे जातो, लेयर एकत्र होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी हळदीचा तजेलदार पिवळा मळकट दिसू लागतो किंवा पैठणीची जर विझल्यासारखी वाटते.

अशा वेळी दोष मर्जच्या, म्हणजे लेयर एकत्र करण्याच्या आज्ञेला दिला जातो, पण ती आज्ञा स्वतःहून रंगाला हात लावत नाही. लेयर वेगळे असेपर्यंत फोटोशॉप त्यांचा हिशेब पडद्यापुरता तात्पुरता मांडत असतो. मर्ज केल्यावर तो हिशेब प्रत्यक्ष पिक्सेलवर, कायमचा मांडला जातो. एखादा लेयर खालच्या ज्या रंगावर रेलून उभा होता, तो आधारच त्या हिशेबातून सुटला, तर रंग बदलणार हे उघड आहे. म्हणून रंग टिकवण्याचे जवळजवळ सगळे काम मर्ज करण्याच्या आधीचे असते, आणि ते कोणत्या क्रमाने करावे हे येथे हळदीच्या कार्यक्रमाच्या एका पानाच्या आधाराने पाहू.

या पानावर सर्वांत खाली मंडपाच्या कापडाची पार्श्वभूमी आहे. तिच्यावर कापून घेतलेली नवरी, नवरीमागे पडलेली तपकिरी सावली मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणाऱ्या) मोडमध्ये, काळ्या पार्श्वभूमीवरचा दिव्यांचा झगमगाट स्क्रीन (खालचा रंग उजळणाऱ्या) मोडमध्ये, कॉन्ट्रास्टसाठी एक कर्व्ह्‌ज, पिवळा खुलवण्यासाठी एक ह्यू-सॅच्युरेशन आणि सर्वांत वर नावांचा मजकूर आहे. सावली, झगमगाट आणि हे दोन्ही ॲडजस्टमेंट लेयर (फक्त खालचे रंग बदलणारे) एका ग्रुपमध्ये ठेवलेले आहेत. साधीच मांडणी आहे, तरी रंग बिघडण्याच्या बहुतेक वाटा तिच्यात आहेत.

सुरुवातीला: प्रत, शंभर टक्के झूम आणि चार खुणा

इमेज मेन्यूतील डुप्लिकेट आज्ञेने फाइलची प्रत काढावी आणि मूळ फाइल लेयरसकट बाजूला ठेवावी. अनडूवर विसंबून राहू नये, कारण फाइल बंद झाली की हिस्टरी संपते आणि बिघाड बहुधा दुसऱ्या दिवशी, प्रिंट हातात आल्यावरच लक्षात येतो.

त्यानंतर कंट्रोल आणि १ दाबून चित्र शंभर टक्क्यांवर आणावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मर्ज केल्यावर रंग बदलला या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे. झूम कमी असताना फोटोशॉप संपूर्ण चित्राचा हिशेब करत बसत नाही. तो चित्राची एक लहान केलेली प्रत घेतो आणि ॲडजस्टमेंटचा परिणाम तिच्यावर दाखवतो. मर्ज करताना मात्र तो परिणाम खऱ्या पिक्सेलवर होतो आणि मग ते चित्र लहान करून दाखवले जाते. एकसारख्या रंगाच्या भिंतीवर या दोहोंत फरक पडत नाही, पण जरीवर पडतो, कारण जरीत एक धागा चमकणारा आणि त्याच्या शेजारचा काळवंडलेला असतो.

समजा, शेजारच्या दोन पिक्सेलच्या किमती ४० आणि २२० आहेत. लहान केलेल्या प्रतीत त्यांची सरासरी १३० झाली आणि तुमच्या कर्व्हने १३० चे १५० केले, तर पडद्यावर १५० दिसते. मर्ज करताना तोच कर्व्ह ४० चे २५ आणि २२० चे २४० करतो, आणि त्यांची सरासरी भरते सुमारे १३३. पैठणीची जर अचानक विझली असे वाटते, पण खरे पाहता ती तशीच होती. आधी दिसत होती ती तिची खोटी चमक होती. एका पानावर मी अर्धा दिवस हा फरक भरून काढण्यासाठी सॅच्युरेशन वाढवत बसलो होतो आणि शेवटी नवरीच्या चेहऱ्याचा संत्रा करून ठेवला. तेव्हापासून कर्व्ह लावतानाही मी शंभर टक्क्यांवरच बघतो. प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स विभागात कॅश लेव्हल्सची संख्या १ केली तर हा फरक पुष्कळ कमी होतो, मात्र मोठ्या फाइलवर पडदा संथ होतो.

मग कलर सॅम्पलर हे साधन घेऊन चार ठिकाणी खुणा कराव्यात: गालावर, हळदीच्या सर्वांत गडद ठिपक्यावर, जरीवर आणि पांढऱ्या फुलावर. इन्फो पॅनेलमध्ये त्या चार ठिकाणच्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा) किमती दिसतात. त्या कागदावर टिपून ठेवाव्यात. डोळा काही मिनिटांत नव्या रंगाला सरावतो, आकडे सरावत नाहीत.

कोणता लेयर कशावर रेलून आहे

आता प्रत्येक लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत, पाहावा. नॉर्मल मोडमधला, शंभर टक्के अपारदर्शक लेयर कोणावरही अवलंबून नसतो. मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले, सॉफ्ट लाइट, कलर आणि ल्युमिनॉसिटी या मोडमधले लेयर मात्र खाली काय आहे यावरच जगतात.

मल्टिप्लायचा हिशेब सोपा आहे: वरच्या आणि खालच्या किमतींचा गुणाकार करून २५५ ने भागायचे. हळदीचा पिवळा २३०, १८०, ४० असा असेल आणि त्यावर १२८ किमतीची राखाडी सावली मल्टिप्लायमध्ये टाकली, तर उत्तर ११५, ९०, २० येते. म्हणजे पिवळा गडद झाला, पण पिवळाच राहिला. तीच सावली नॉर्मल मोडमध्ये गेली की पिवळ्यावर राखाडी १२८ चा थर बसतो आणि हळद सिमेंट सांडल्यासारखी दिसते.

आपल्या पानावर हे नेमके कुठे घडेल? सावलीचा लेयर निवडून मर्ज डाउन केले, तर तो खालच्या म्हणजे कापून घेतलेल्या नवरीच्या लेयरमध्ये मिसळतो. नवरीच्या अंगावर जेवढी सावली पडली आहे तेवढा हिशेब बरोबर होतो. पण नवरीच्या बाहेर तो लेयर पारदर्शक आहे; तिथे गुणाकार करायला खाली काहीच सापडत नाही, म्हणून सावलीचे तपकिरी पिक्सेल जसेच्या तसे, नॉर्मल मोडमध्ये, मंडपाच्या कापडावर येऊन बसतात. मूळ चूक लेयरच्या मांडणीत आहे: मागे पडणारी सावली नवरीच्या खाली, थेट पार्श्वभूमीच्या वर असायला हवी. ती तिथे सरकवली, आणि मग पार्श्वभूमीत मर्ज केली, की पार्श्वभूमी पूर्ण अपारदर्शक असल्यामुळे रंग जसाच्या तसा राहतो.

सावली शुद्ध काळ्या रंगाने रंगवली असेल, तर ती मल्टिप्लायमध्ये असो वा नॉर्मलमध्ये, परिणाम अगदी एकच येतो, कारण शून्याने गुणले तरी शून्य आणि शून्य वर ठेवले तरी शून्यच. स्क्रीन मोडमधल्या शुद्ध पांढऱ्याचेही तसेच. म्हणून ज्या लेयरचे पुढे काय होईल याची खात्री नसते, तिथे मी सावली काळ्यानेच रंगवतो आणि अपारदर्शकता कमी ठेवतो. तपकिरी किंवा निळसर सावली अधिक खरी दिसते हे मान्य आहे, पण मर्जमध्ये फसते ती तीच.

झगमगाटाचा लेयर याच्या उलट दिशेने फसतो. स्क्रीन मोडमध्ये काळा रंग अदृश्य होतो. म्हणून तर असे दिवे काळ्या पार्श्वभूमीवर विकतही मिळतात आणि फुकटही. तो लेयर दुसऱ्या अर्धवट पारदर्शक लेयरशी मर्ज झाला की काळा रंग परत प्रकट होतो आणि अर्ध्या पानावर काळा चौकोन उभा राहतो. हा बिघाड निदान लपत तरी नाही.

ग्रुपचा सापळा

नवा ग्रुप तयार केला की त्याचा मोड पास थ्रू असतो. याचा अर्थ आतल्या लेयरचा परिणाम ग्रुपच्या भिंती ओलांडून खालच्या सगळ्या लेयरवर होतो. आपला कर्व्ह्‌ज आणि ह्यू-सॅच्युरेशन या ग्रुपमध्ये आहेत आणि त्यांच्यामुळे नवरीही खुलली आहे, मंडपही. आता ग्रुप निवडून मर्ज ग्रुप केले, तर ग्रुप बंदिस्त होतो: कर्व्हचा परिणाम फक्त आतल्या झगमगाटाच्या पिक्सेलवर होतो आणि नवरी व मंडप पुन्हा फिके पडतात.

याची आगाऊ परीक्षा सोपी आहे. ग्रुपचा मोड पास थ्रूवरून नॉर्मलवर न्यावा. पडद्यावरचा रंग तसाच राहिला, तर ग्रुप बिनधास्त मर्ज करावा. बदलला, तर मर्ज केल्यावरही तेवढाच बदलणार आहे. लेयर स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (अनेक लेयर एकत्र बंद करणाऱ्या डबीत) गुंडाळले तरी हाच नियम लागू होतो, कारण स्मार्ट ऑब्जेक्टच्या आतला मल्टिप्लाय बाहेरच्या पार्श्वभूमीपर्यंत पोहोचत नाही.

ॲडजस्टमेंट लेयरविषयी आणखी एक गोष्ट. कर्व्ह्‌ज आणि ह्यू-सॅच्युरेशन एकमेकांत मर्ज होत नाहीत. ॲडजस्टमेंट लेयरला मर्जचे लक्ष्य बनवता येत नाही, कारण त्यात पिक्सेलच नसतात. त्यांचा परिणाम कायम करायचा, तर खालचे पिक्सेल सोबत घ्यावे लागतात. एकाच लेयरपुरती ॲडजस्टमेंट हवी असेल, तर ती आधी क्लिपिंग मास्क करून त्या लेयरला बांधावी आणि मग दोन्ही मिळून मर्ज करावेत. क्लिपिंगमुळे ती इतर कशावर रेलतच नाही, त्यामुळे इथे रंग बदलण्याचे कारण उरत नाही.

प्रत्यक्ष मर्ज, खालून वर

आता क्रम असा ठेवावा. ग्रुप उघडून आतले लेयर मोकळे करावेत. सावली पार्श्वभूमीच्या लगेच वर आणून तिच्यात मिसळावी. त्वचेची सफाई वेगळ्या लेयरवर असेल, तर ती नवरीच्या लेयरला क्लिप करून त्यात मिसळावी. त्यानंतर नवरी आणि पार्श्वभूमी एकत्र करावी, म्हणजे खाली एकसंध, अपारदर्शक पाया तयार होतो. मग झगमगाट त्या पायात मिसळावा, आणि शेवटी कर्व्ह्‌ज व ह्यू-सॅच्युरेशन त्यावर कायम करावेत. मजकूर वेगळाच राहू द्यावा. प्रत्येक मर्जनंतर चार खुणांच्या किमती पाहाव्यात. एखादा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तर तो पूर्णांकात बसवण्याचा फरक असतो, पण पाच-दहाने हलला तर तिथेच थांबून मागे जावे.

हे सगळे टाळून एक आडवाट घेता येते आणि बऱ्याचदा तीच शहाणपणाची असते. सर्वांत वरचा लेयर निवडून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई एकदम दाबले, की जे दिसते आहे त्याचा एक नवा एकत्रित लेयर वर तयार होतो आणि खालचे सगळे लेयर शाबूत राहतात. फोटोशॉपच्या भाषेत याला स्टँप म्हणतात. धार वाढवणे किंवा डाग काढणे यासाठी एकसंध लेयर हवा असेल, तर मर्जची गरजच नसते. फाइल हलकी होत नाही हा याचा एकमेव तोटा.

फ्लॅटन ही आज्ञा सर्वांत शेवटी. ती लपवलेले लेयर टाकून देते आणि पारदर्शक जागा पांढऱ्याने भरते. पानाच्या कडेला किंचित पारदर्शक पट्टी राहून गेली असेल, तर तिथे फिकट पांढरी रेघ येते. फ्लॅटन करण्यापूर्वी तळाशी एक रंगीत लेयर आहे ना, हे पाहून घ्यावे.

आठ बिट, सोळा बिट

आठ-बिट फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. दर मर्जला उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवले जाते, आणि मर्ज, पुन्हा कर्व्ह, पुन्हा मर्ज असे पाच-सहा वेळा झाले की संध्याकाळच्या आकाशात किंवा मंडपाच्या पांढऱ्या कापडावर पट्टे उमटतात. फोटोशॉपच्या सोळा-बिटमध्ये ३२,७६९ पायऱ्या असतात, त्यामुळे तेवढ्याच कामात काही जाणवत नाही. रॉ फाइलवरून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवरून) काम सुरू केले असेल, तर शेवटपर्यंत सोळा-बिटमध्ये राहावे आणि फ्लॅटन झाल्यावरच आठ-बिटमध्ये यावे. मूळ फोटो जेपेग असेल, तर सोळा-बिटमध्ये नेल्याने हरवलेले परत येत नाही, पण पुढची झीज थांबते.

कर्व्हमुळे बदललेला रंग मर्जच्या माथी मारू नये

नॉर्मल मोडमधल्या कर्व्हने कॉन्ट्रास्ट वाढवला, की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल स्वतंत्रपणे ताणले जातात आणि रंगही अधिक भडक होतो. हळदीचा पिवळा नारिंगीकडे झुकतो तो बहुतेक वेळा इथे. उपाय एका क्लिकचा आहे: कर्व्ह्‌ज लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करावा. मग खालचा रंग आणि त्याचा भडकपणा तसाच राहून फक्त उजेड बदलतो. हा उजेड मोजताना लालाला ०.३०, हिरव्याला ०.५९ आणि निळ्याला ०.११ असे वजन दिलेले असते, म्हणून पिवळा आपल्याला उजळ वाटतो आणि तेवढ्याच आकड्यांचा निळा गडद. उलट फक्त रंगछटा बदलायची असेल आणि घड्या, सुरकुत्या तशाच ठेवायच्या असतील, तर रंगाचा लेयर कलर मोडमध्ये ठेवावा. कलर बॅलन्समध्ये प्रिझर्व्ह ल्युमिनॉसिटीची चौकट असते. तीही त्वचेवर काम करताना खूणेसकट ठेवावी.

प्रोफाइल आणि छापखाना

दोन फाइलमधले लेयर एकत्र आणताना दोघांची कलर प्रोफाइल (कोणता आकडा म्हणजे कोणता रंग हे सांगणारी नोंद) वेगळी असेल, एक एसआरजीबी आणि दुसरी अडोबी आरजीबी अशी, तर तेच आकडे वेगळे रंग दाखवतात. कलर सेटिंग्जमध्ये पेस्ट करताना विचारण्याची चौकट खूण करून ठेवावी आणि विचारल्यावर रंग जपणारा, म्हणजे रूपांतराचा पर्याय निवडावा. असाइन आणि कन्व्हर्ट या दोन आज्ञांची गल्लत मात्र कधीही होऊ देऊ नये. असाइन आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते, म्हणून रंग बदलतो. कन्व्हर्ट रंग जपण्यासाठी आकडे बदलते.

अल्बमची लॅब सहसा एसआरजीबीमधली जेपेग मागते, त्यामुळे तिथे सीएमवायकेचा, म्हणजे छपाईच्या चार शाईंचा, प्रश्न येत नाही. लग्नपत्रिका ऑफसेटवर जाते तेव्हा तो येतो. लेयर तसेच ठेवून आरजीबीचे सीएमवायके केले, तर मल्टिप्लाय आणि स्क्रीनचे हिशेब आता शाईच्या चार चॅनेलमध्ये होतात आणि उत्तरे बदलतात. काही ॲडजस्टमेंट लेयर तर टाकूनच दिले जातात. म्हणून एडिट मेन्यूतील कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरावे, छापखान्याने सांगितलेली प्रोफाइल निवडावी आणि रूप टिकवण्यासाठी फ्लॅटन करण्याची चौकट खूण केलेली असावी. आधी एकत्र, मग रूपांतर, हा क्रम इथे उलटता कामा नये.

एवढे करूनही शालूचा पोपटी किंवा गडद चमकदार निळा शाईत उतरणार नाही, कारण ते रंग चार शाईंच्या आवाक्याबाहेरच आहेत. कंट्रोल आणि वाय दाबून छपाईचे अंदाजे रूप आधीच पाहावे, आणि घरच्या मंडळींना पडद्यावरचा रंग कबूल करण्याच्या आत ते दाखवावे.

पत्रिकेतला काळा मजकूर फोटोत मर्ज करू नये. आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेमध्ये चारही शाईंचा होतो, आणि छपाईत प्लेट केसभर हलली तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. म्हणूनच बहुतेक डीटीपीवाले फोटो फ्लॅटन करून कोरलड्रॉमध्ये नेतात आणि मजकूर तिथे फक्त काळ्या शाईत बसवतात.

गिंप वापरणाऱ्यांसाठी

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे लेयर कंट्रोल आणि एम दाबून एकत्र होतात, आणि स्टँपसाठी लेयर मेन्यूत दिसणाऱ्यावरून नवा लेयर करण्याची आज्ञा आहे. फ्लॅटन करताना गिंप पारदर्शक जागा पांढऱ्याने नव्हे, तर त्या वेळी निवडलेल्या पार्श्वरंगाने भरतो, एवढे ध्यानात ठेवावे. मर्जच्या चौकटीत तळाच्या लेयरएवढे कापण्याचा पर्याय निवडला गेला, तर बाहेर आलेला भाग जातो.

२०१८ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपासून गिंपचे नॉर्मलसारखे काही मोड प्रकाशाच्या सरळ मोजणीवर चालतात, तर फोटोशॉप गॅमा लावलेल्या (डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाच्या जवळच्या) आकड्यांवर. काळ्यावर पन्नास टक्के पांढरा ठेवला तर फोटोशॉपमध्ये १२८ मिळतात, गिंपमध्ये सुमारे १८८. म्हणून एकीकडे केलेली लेयरवाली फाइल दुसरीकडे उघडली की मर्ज करण्याआधीच रंग वेगळे दिसू शकतात. गिंपमध्ये मोडच्या यादीशेजारच्या बटणाने लेगसी गट निवडला की फोटोशॉपच्या जवळचे उत्तर येते. मी मात्र फाइल इकडून तिकडे न्यायची असेल, तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम झाले तिथेच फ्लॅटन करून टिफ नेतो.

शेवटची तपासणी

मर्ज झालेली प्रत आणि बाजूला ठेवलेली मूळ फाइल शेजारी उघडावी. शिफ्ट दाबून धरून एकत्रित लेयर मूळ फाइलच्या सर्वांत वर ओढावा, म्हणजे तो नेमक्या जागी बसतो, आणि त्याचा मोड डिफरन्स (वरच्या-खालच्या किमतींतला फरक दाखवणारा) करावा. शंभर टक्के झूमवर संपूर्ण पडदा काळा दिसला, तर दोन्ही फाइल सारख्या आहेत. बारीक फरक काळ्यात लपतात, म्हणून वर एक लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर ठेवून उजवीकडची खूण २५५ वरून २० पर्यंत आणावी. फरक जिथे असेल तिथे आकार उमटतो: सावलीचा आकार दिसला तर मल्टिप्लाय फसला, संपूर्ण नवरीचा आकार दिसला तर ग्रुप किंवा ॲडजस्टमेंट.

जेपेग काढताना प्रोफाइल जोडण्याची चौकट खूण करावी आणि दर्जा १० ते १२ ठेवावा. फोटोशॉपमध्ये ६ किंवा त्याखालच्या दर्जावर रंगाची माहिती निम्म्या लांबी-रुंदीत साठवली जाते, आणि कुंकवाची कड किंवा लाल चुड्याची रेघ शेजारच्या त्वचेत पसरते.